मागांच्या गावाला घरं किती लागतील?

इचलकरंजीतल्या जुन्या वस्तीत रात्री मुक्काम केला की पाहुण्याला झोप लागत नाही. भिंतीपलीकडे माग चालू असतात, एकसुरात, थांबायचं नाव नाही. घरच्यांचं उलटं असतं. वीज गेली, खडखडाट थांबला, की त्यांना जाग येते.

निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये तो ९०च्या वर सहज जातो. खाली माग आणि वर बिऱ्हाड असं घर नगररचनेच्या रंगीत नकाशात कुठेच बसत नाही. पिवळा रंग राहण्यासाठी, जांभळा कारखान्यांसाठी, आणि एकाच घराला दोन रंग देता येत नाहीत. पण या गावाचं पोट असल्याच घरांवर चालत आलंय. तेव्हा अशा छोट्या शहराचा विकास आराखडा करायचा म्हणजे नेमकं कशाचं गणित करायचं?

गावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८९३ साली नगरपालिका झाली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा उद्योगाला पाठिंबा होता. पुढे सहकारी सूतगिरण्या आल्या, बँका आल्या, आणि २०२२ मध्ये गाव महापालिका झालं. रेल्वेचं मोठं जंक्शन नाही, बंदर नाही, जवळपास कापसाचा पट्टाही नाही. तरी धंदा इथेच का टिकला?

याचं उत्तर जॉबरकडे आहे. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. माग बंद पडला की मालक फोन करतो आणि जॉबर दोन गल्ल्या ओलांडून येतो. सुटा भाग लागला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. सुताला खळ देणारं सायझिंग, वहिफणीवाला, कांडीवाला, घडीवाला, कापड उचलणारा व्यापारी, सगळे हाकेच्या अंतरावर. माग बंद राहिला तेवढा वेळ पिकाचे पैसे बुडतात. (इथे पीक म्हणजे शेतातलं नव्हे, कापडातला आडवा धागा. पिकाला इतके पैसे, अशी मजुरी ठरते.) अल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच हे मांडलं होतं: एकाच धंद्याची माणसं दाटीने राहिली की कसब, सुटे भाग आणि बातमी तिघांचाही खर्च उतरतो. म्हणून ‘माग उचला आणि लांब औद्योगिक वसाहतीत न्या’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात जॉबरचा हिशेब धरलेला नसतो. ज्याच्याकडे शंभर माग आहेत तो तिकडे स्वतःचा जॉबर पगारावर ठेवेल. दुसऱ्याचं सूत विणून मजुरी घेणारा आठ मागांचा खर्चीवाला काय करेल?

आता पैशाकडे येऊ. अर्थशास्त्रज्ञ गावातल्या नोकऱ्यांचे दोन ढीग करतात. ज्यांचा माल बाहेर विकला जातो आणि बाहेरचा पैसा गावात आणतो, त्या पायाभूत नोकऱ्या. तोच पैसा गावात फिरवणाऱ्या, म्हणजे किराणा, शाळा, दवाखाना, वडापाव, त्या दुय्यम. समजा तीन नोकऱ्यांत एक कापडाची आणि दोन तिच्यावर जगणाऱ्या. मग मागांवर १०० माणसं नव्याने लागली की एकूण काम ३०० जणांना मिळतं. घरटी दीड कमावता धरला तर २०० चुली झाल्या. उद्योगधोरण आणि घरबांधणी या दोन फायली वेगवेगळ्या कपाटांत असतात, पण त्यांना जोडणारं गणित एवढंच आहे.

यात एक मेख आहे. साधे माग भंगारात देऊन रॅपिअर किंवा एअरजेट हे बिनधोट्याचे वेगवान माग बसवले की कापड वाढतं आणि माणसं कमी लागतात. म्हणजे गुंतवणूक वाढली म्हणून तेवढी घरं लागतील असं मुळीच नाही. आराखड्यात जागा मीटर कापडावर मोजायची की माणसांवर, हे आधी ठरवायला हवं.

माणसं मोजणं तरी सोपं असावं ना? करून बघू. जनगणनेचे गोळाबेरीज आकडे असे: १९९१ मध्ये सुमारे २.१५ लाख, २००१ मध्ये २.५७ लाख, २०११ मध्ये २.८७ लाख. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे हाताशी एवढंच आहे. प्रश्न असा, की २०३१ मध्ये किती?

पहिली रीत सरळ. दर दशकात सरासरी ३६ हजारांची भर, म्हणून दोन दशकांचे ७२ हजार मिळवा: ३.५९ लाख. दुसरी रीत चक्रवाढीची. वाढीचा दर आधी साडेएकोणीस टक्के होता, मग पावणेबारा झाला. त्यांची गुणोत्तर सरासरी १५ टक्के धरली की उत्तर ३.८० लाख. तिसरी रीत अशी की वाढच घटतेय तर ती घटही मोजा. आधी ४२ हजार वाढले, नंतर ३० हजार, म्हणजे दर दशकाला १२ हजारांची ओहोटी. ३६ हजारांच्या सरासरीतून ती वजा करत गेलं की पुढच्या दोन दशकांत २४ आणि १२ हजारांची भर, म्हणजे उत्तर ३.२३ लाख. आकडे तेच, तिन्ही रीती पाठ्यपुस्तकातल्या, आणि उत्तरांत ५७ हजार माणसांचा फरक. साडेचार माणसांचं घर धरलं तर साडेबारा हजारांवर घरं. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष लावला तर दिवसाला ७७ लाख लिटर पाणी. आराखड्याच्या अहवालात हा आकडा एका ओळीत येतो आणि शाळा-मैदानांसाठी राखायच्या जमिनींची सगळी आरक्षणं त्या ओळीवर उभी राहतात. कुठली रीत वापरली आणि का, हे मी तरी सगळ्यात आधी वाचतो.

शिवाय ओहोटी खरी की भासाची? वाढ मंदावली ती नगरपालिकेच्या हद्दीत. कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळ, यड्राव ही गावं आता शहराला चिकटल्यासारखीच आहेत. जमीन स्वस्त पडली तिकडे शेड गेल्या आणि शेडमागे बिऱ्हाडं. जनगणना हद्दीने होते. माणूस कामामागे जातो.

तो जातो कुठे, हेही बघा. पाच लाखांत मिळेल ती जमीन हवी असते, आजच हवी असते, आणि कर्ज द्यायला बँक तयार नसते. मग कोणाच्या तरी शेतात गुंठा घेतला जातो. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. शेतकऱ्याला एकरकमी गिऱ्हाईक मिळत नाही, पण चाळीस फुटकळ मिळतात. बिगरशेती परवाना नाही, मंजूर रेखांकन नाही. रस्ता म्हणून सोडलेली पट्टी इतकी अरुंद की अग्निशामक बंब वळत नाही. २००१ मध्ये राज्याने अशी बांधकामं नियमित करायला गुंठेवारी कायदा केला, आणि २०२१ मध्ये मुदत पुढे सरकवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. दंड भरून कागद सरळ होतो. रस्ता मात्र तेवढाच राहतो.

याउलट १९६६च्या नगररचना कायद्याची चाल पाहा. आराखडा साधारण वीस वर्षांचा. जमिनीवर शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण टाकलं आणि दहा वर्षांत पालिकेने ती घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप उठतं. छोट्या पालिकेकडे पैसा नसतो, म्हणून नकाशावरची हिरवी मैदानं अशीच गळतात. यावर जुना उपाय आहे, मुंबई प्रांताच्या १९१५च्या कायद्यातला: टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या, आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यायचा. पालिकेला जमीन विकत घ्यावी लागत नाही. गुजरातने हे साधन नेटाने वापरलं. आपण ते बराच काळ विसरलो. गुंठेवारी होण्याआधी एखाद्या मळ्यात हे करता आलं तरच उपयोग.

आणि भाड्याच्या खोल्यांचं काय? मागावर येणारा परप्रांतीय किंवा सीमाभागातला मजूर पहिल्याच वर्षी घर घेत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चौघं राहिले तर माणशी ३० चौरस फूट. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा पडतो. घरकुल योजना मालकीची भाषा बोलतात. केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आणली खरी, पण बहुतेक आराखड्यांत भाडेकरूला अजून रंग नाही.

हे सगळं जुळवलं तरी शेवटी गाडी पाण्याशी अडते. एकोणिसाव्या शतकात युस्टुस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक नियम प्रसिद्ध केला: पीक (हे शेतातलं) सर्वांत अपुऱ्या पोषकद्रव्याने ठरतं, बाकीची कितीही ओता. इचलकरंजीत जमीन मिळेल, कारागीर आहेत, भांडवलही येईल. पंचगंगा शहराला लागून वाहते, पण वरच्या गावांचं सांडपाणी आणि कापड प्रक्रियेचं पाणी तिच्यात मिसळतं. २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्यामुळेच. कृष्णेवर मजरेवाडीहून पाणी त्याआधीच आणलं होतं. मग वारणेची योजना आखली, तेव्हा वारणाकाठच्या दानोळीचे गावकरी आडवे आले. त्यानंतर दूधगंगेवर सुळकूडची योजना मंजूर झाली, तर काठची गावं उभी राहिली: आमचं शेत आधी. त्यांचंही चुकतं असं म्हणवत नाही. स्वतःची नदी बिघडवून बसलेलं शहर चौथ्या नदीकडे हात पसरत होतं.

आता पुन्हा त्या तीन उत्तरांकडे या. ३.२३ लाख धरले तर माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने रोज सुमारे ४.३६ कोटी लिटर लागतात; ३.८० लाखांना ५.१३ कोटी. आणि सायझिंगच्या टाक्यांत जाणारं पाणी यात अजून धरलेलंच नाही.