डिश उंच चढवली की चित्र सुधारतं?

सारंगखेड्याच्या यात्रेत मुक्कामी गाडीच्या टपावर डिश लावलेली, चित्र फुटलं की खालून एकच ओरड, “अजून वर घे रे भो!” मग बांबू शोधायचा. हा सल्ला जुन्या काडीवाल्या अँटेनाचा. तेव्हा लहरी जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायच्या, उंचीने खरंच फरक पडायचा. डिशचा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर. तिथे तुमच्या दहा फुटांना कोण विचारतो! उलट बांबू वाऱ्याने हलतो, आणि डिश दोन-तीन अंश सरकली तरी सिग्नल जातो.

बघायचं ते आग्नेयेकडे. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. खान्देशातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंशांवर. त्या रेषेत निंबाची फांदी आली तर गाडीच चार हात पुढे घ्या. गाडी कलती उभी असेल तर आधी चाकाखाली दगड सारा, मग डिश फिरवा. प्रत्येक मुक्कामी हे नव्याने करावंच लागतं.

एवढं करूनही चित्र येईना, तर एलएनबीची, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरच्या डबीची, पिन काढून बघा. आमच्या पिनेत तापीकाठची माती आणि हिरवा गंज निघाला होता.