५९०००१ फोडून बघितला, आत काय निघालं?

परवा पुण्याच्या भाच्याला कुंदा पार्सल करत होतो, बॉक्सवर नेहमीचंच छापलेलं, बेळगाव ५९०००१. जन्मभर फॉर्मवर हा पिन कोड लिहीत आलो पण पाच लाख नव्वद हजार एक असा कधी वाचलाच नव्हता. म्हटलं चला, शाळेत करायचो तसे याचे मूळ अवयव काढू.

अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ ने भाग जाणारच. (१०, १००, १००० कशालाही ३ ने भागा, बाकी १ च उरते, म्हणून नुसते अंक मिळवले तरी चालतंय.) आले १९६६६७. इथनं पुढं मात्र हमाली. ७, ११, १३ असं एकेक मूळ संख्येनं भागत बसायचं, आणि वर्गमूळ ४४३ च्या आसपास आहे तिथवर गेलं की बास, कारण संख्येचे दोन तुकडे पडत असतील तर लहान तुकडा त्याच्या आतच सापडतो. शंभर ओलांडलं, दीडशे ओलांडलं, दीड पान भरलं, वाटलं ही मूळच असणार, आणि १९३ नं नि:शेष भाग गेला की! उरले १०१९, ती मूळच आहे.

तर ५९०००१ = ३ × १९३ × १०१९. तीन वेगवेगळ्या मूळ संख्या आणि प्रत्येक एकदाच, अशा संख्येला स्फेनिक म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पाचर. सगळ्यात लहान स्फेनिक ३०. यांना विभाजक नेमके ८ च, कारण प्रत्येक मूळ संख्या एकतर घ्यायची नाहीतर सोडायची, २ × २ × २. स्वतःला सोडून बाकीच्या सात विभाजकांची बेरीज २०१५१९, म्हणजे संख्येच्या निम्मीपण नाही. ६ चं कसं, १ + २ + ३ परत ६ च, ती परिपूर्ण. आमची कमी पडणाऱ्यांतली.

यात पोस्टाचं काही डोकं नाही हं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आले, श्रीराम भिकाजी वेलणकरांची ती कल्पना, पहिला ५ विभागाचा म्हणून आपल्याला आला, पलीकडं कोल्हापूरला ४. बाकी सगळा योगायोग. पण योगायोग बघा कसला, तिन्ही अवयव जोडमूळ निघाले, ३ ला ५, १९३ ला १९१, १०१९ ला १०२१, जोडीत फरक २ चाच. अशा जोड्या कधी संपतात का हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी ७ कोटींपेक्षा कमी फरकाच्या जोड्या अनंत आहेत असं दाखवलं, मग इतरांनी तो आकडा २४६ वर आणला.

निपाणीच्या दोस्ताला फोन केला. त्याचा ५९१२३७ = ३ × ३ × १७९ × ३६७, तीन दोनदा आला म्हणून स्फेनिकमधनं बाद. गडी चिडला, तासाभरानं त्याचाच फोन, "आमच्या १७९ ला पण १८१ हाय की!" आणि ३६७ ला? ३६५ ला ५ नं भाग जातो, ३६९ ला ३ नं. त्यावर गप्पच बसला.