मेमेंटो : प्रेक्षकांचा प्रतिसाद

‘मेमेंटो’ हा क्रिस्टोफर नोलन यांनी दिग्दर्शित केलेला इंग्रजी रहस्यपट (२०००). मोठ्या स्टुडिओच्या आधाराशिवाय, एक कोटी डॉलरहून कमी खर्चात आणि अवघ्या २५ दिवसांच्या चित्रीकरणात तो अमेरिकेत तयार झाला. रहस्यपटांच्या इतिहासात त्याच्या कथेइतकीच त्याच्या प्रेक्षकांचीही दखल घ्यावी लागते, कारण या चित्रपटातला गोंधळ पडद्यावरच्या नायकापुरता राहत नाही. तो खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यातही होतो, आणि तसा तो व्हावा अशीच रचना केलेली आहे.

लेनर्ड शेल्बी (गाय पिअर्स) हा विमा कंपनीतला माजी तपासनीस. घरात शिरलेल्या हल्लेखोरांनी त्याच्या पत्नीवर अत्याचार केला आणि त्याच्या डोक्याला मार बसला. त्या रात्रीपर्यंतचे सगळे त्याला आठवते. त्यानंतरचे काही मिनिटांतच पुसले जाते. पोलरॉइड (कॅमेऱ्यातून लगेच बाहेर येऊन हळूहळू उमटणारी) छायाचित्रे, चिठ्ठ्या आणि अंगावर गोंदवून घेतलेली वाक्ये यांच्या आधाराने तो पत्नीच्या खुन्याचा शोध घेतो. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात आणि मधूनमधून येणारे कृष्णधवल प्रसंग सरळ क्रमाने पुढे सरकतात. अखेरीस एक पोलरॉइड हळूहळू उमटू लागते, कृष्णधवल चित्रात रंग भरतो आणि दोन्ही धागे तिथे एकमेकांना मिळतात.

प्रत्येक रंगीत प्रसंग सुरू होतो तेव्हा आपण इथे का आहोत, समोरचा माणूस मित्र की वैरी, हे लेनर्डला माहीत नसते, आणि प्रेक्षकालाही नसते. कोकणात ज्याला चकवा लागणे म्हणतात, त्याच्या जवळची ही अवस्था आहे : पाय चालत राहतात, वाट ओळखीची वाटते आणि माणूस पुन्हा त्याच झाडापाशी येऊन उभा राहतो. लेनर्ड धावतो आहे. आपण समोरच्याचा पाठलाग करतो आहोत असे त्याला वाटते आणि पुढच्याच क्षणी समोरचाच त्याच्यावर गोळी झाडतो. इथे चित्रपटगृहात हमखास हसू फुटते. बारमध्ये काम करणाऱ्या नॅटलीच्या (कॅरी-अ‍ॅन मॉस) प्रसंगानंतर मात्र कोणी हसत नाही. आधी पाहिलेल्या, म्हणजे काळाने नंतरच्या, प्रसंगांत ती कनवाळू दिसलेली असते. मग ती घरातली सगळी पेने गोळा करून लपवते, लेनर्डला मुद्दाम डिवचते, त्याच्याकडून मार खाते, गाडीत जाऊन बसते आणि तो सगळे विसरण्याची वाट पाहते. लेनर्ड कागदावर एक अक्षरही उतरवू शकत नाही. तिच्याविषयी प्रेक्षकाने आधी बनवलेले मत तिथल्या तिथे कोसळते. माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ या प्रसंगात आहे, शेवटच्या धक्क्यात नाही.

हे सामान्य प्रेक्षकाला झेपणार नाही, अशी वितरकांची भीती होती. मार्च २००० मध्ये त्यांना चित्रपट दाखवला गेला. कौतुक झाले, पण विकत कोणी घेतला नाही. सप्टेंबरमध्ये व्हेनिस महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो ब्रिटन व फ्रान्समध्ये लागला. अमेरिकेत अखेर न्यूमार्केट या निर्मितीसंस्थेनेच वितरणाची जबाबदारी उचलली आणि १६ मार्च २००१ रोजी तो फक्त ११ चित्रपटगृहांत प्रदर्शित केला. पुढे ही संख्या पाचशेच्या वर गेली आणि अमेरिकेतले उत्पन्न अडीच कोटी डॉलर ओलांडून गेले. पाहून बाहेर पडलेले लोक दुसऱ्यांदा तिकीट काढत होते, सोबत मित्रांना आणत होते. झेपणार नाही म्हणून ज्या प्रेक्षकाला बाजूला सारले, त्यानेच हा चित्रपट खांद्यावर घेतला. मूळ पटकथा आणि संकलन (डोडी डॉर्न) यांसाठी त्याला ऑस्कर नामांकनेही मिळाली.

वाद मुख्यतः लेनर्डचा मित्र म्हणून वावरणाऱ्या टेडीच्या (जो पँटोलियानो) शेवटच्या कबुलीभोवती फिरतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे लेनर्डची पत्नी हल्ल्यातून वाचली होती, मधुमेह तिलाच होता, आणि लेनर्ड सॅमी जँकिस या विमाधारकाची म्हणून जी गोष्ट सांगत फिरतो (सॅमीलाही हाच आजार असतो, आधीचे इंजेक्शन विसरून तो मधुमेही पत्नीला पुन्हा पुन्हा इन्सुलिन टोचतो आणि ती मरते), ती त्याची स्वतःचीच आहे. खरा हल्लेखोरही कधीच मारला गेला आहे. टेडी स्वतः लबाड आहे, मग त्याचे किती खरे मानायचे? त्याचे मानणारे प्रेक्षक एका निमिषाकडे बोट दाखवतात : रुग्णालयात बसलेल्या सॅमीच्या पुढून कोणी चालत जाते आणि क्षणभर खुर्चीत लेनर्ड दिसतो. न मानणारे म्हणतात, ही टेडीच्या बोलण्याने गढूळ झालेली आठवण आहे. अँडी क्लाइन या समीक्षकाने २००१ मध्ये कृष्णधवल प्रसंगांना आकडे आणि रंगीत प्रसंगांना अक्षरे देऊन सगळी जुळणी कागदावर मांडली. घटनाक्रम त्यातून लख्ख झाला, पण टेडी खरे बोलतो का, हा प्रश्न उरलाच.

व्हेनिसच्या पत्रकार परिषदेत नोलन यांनी या प्रश्नाचे स्वतःपुरते उत्तर देऊन टाकले होते. ज्यांच्या कथेवरून चित्रपट झाला ते त्यांचे धाकटे बंधू जोनाथन यांनी त्यांना बाजूला घेऊन समजावले की, उत्तर पुन्हा कधीच द्यायचे नाही. त्यानंतर त्यांनी ते दिलेले नाही, आणि वाद जिता राहिला त्यात या मौनाचा मोठा वाटा आहे.

नापसंतीही होती. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले, पण एक रास्त शंका विचारली : नवे काहीच आठवत नाही, तर आपल्याला हा आजार आहे हे लेनर्डला कसे आठवते? चित्रपट सवय आणि सराव यांचा आधार घेतो. हे उत्तर सगळ्यांना पटत नाही. मेंदूच्या अभ्यासकांनी मात्र चित्रपटाला मान दिला. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या रुग्णाची नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गेली होती, जुना माणूस मात्र शाबूत राहिला होता. लेनर्डचे दुखणे त्याच जातीचे आहे. पडद्यावरचा स्मृतिभ्रंश बहुधा वेगळाच असतो : डोक्याला मार बसला की नावगाव विसरायचे आणि दुसरा मार बसला की सगळे परत आठवायचे. सॅली बॅक्सेंडेल या मेंदू-मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये अशा चित्रपटांचा समाचार घेतला, तेव्हा ‘मेमेंटो’ला त्यांनी अपवाद ठरवले. लेनर्डला आपले नाव माहीत आहे, पत्नीचा चेहराही आठवतो. आपण पूर्वी कोण होतो हे तो जाणतो, पण त्या रात्रीनंतर आपण कोण झालो आहोत, ते त्याला कळायला मार्गच नाही.

डीव्हीडीच्या विशेष आवृत्तीत सगळे प्रसंग सरळ क्रमाने दाखवणारी प्रत दडवलेली होती. ती पाहणाऱ्याला चकवा लागत नाही. लेनर्ड फसत जाताना दिसतो, आणि आपण काही करू शकत नाही ही हळहळ वाटते.

भारतातल्या बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत ही कल्पना ए. आर. मुरुगदास यांच्या ‘गजनी’मधून पोहोचली, तमिळ २००५ मध्ये, हिंदी २००८ मध्ये. आमिर खानचे ते केस आणि छातीवरचे गोंदण महाराष्ट्रातही घरोघरी माहीत झाले. त्यात प्रेमकथा पूर्वदृश्यांतून सरळ उलगडते आणि खलनायक कोण याविषयी शंका उरत नाही. प्रेक्षकाला नायकाहून नेहमीच जास्त ठाऊक असते, म्हणून तो नायकासाठी रडतो. स्वतःच्या आठवणीवर संशय घेण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.