किशोर कादंबरी जादूपासून सुरू झाली नाही

किशोरवयीनांच्या कादंबऱ्या म्हणजे जादूटोणा आणि हे खूळ अलीकडचं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ सालची. तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. लिहायला घेतली ती अमेरिकेतल्या टल्सामध्ये, शाळेत असतानाच. जादू कुठेच नाही. गरीब-श्रीमंत पोरांच्या टोळ्या, मारामाऱ्या आणि आईबापांविना राहणारे तीन भाऊ आहेत.

या गैरसमजापायी शिफारस फसते. खरंखुरं जग हवं असलेल्या मुलीच्या हाती ड्रॅगन पडतो नि ती पुस्तक मिटते. आधी विचारा: शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कोणतं, त्यात काय आवडलं? मग दोन-तीन पुस्तकं समोर ठेवा, पहिली दहा पानं तिथंच वाचू द्या. नुसतं वय पाहून देऊ नका. १३ आणि १७ मध्ये फार अंतर असतं.