टीव्ही बघायला आणि रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर (नाशिक)

टीव्हीचा सिग्नल कॉम्प्युटरात घ्यायचा, स्क्रीनवर बघायचा आणि पाहिजे तेव्हा डिस्कवर साठवायचा, यासाठी जे सामान लागतं त्याची निवड म्हणजे हा विषय. यात ट्यूनर कार्ड (सिग्नलमधून चॅनल पकडणारं), कॅप्चर कार्ड (दुसऱ्या बॉक्समधून निघणारं चित्र पकडणारं), छत्री म्हणजे डिश आणि तिची वायर, हार्ड डिस्क, प्रोसेसर, यूपीएस एवढं सगळं येतं. नाशिकमध्ये लोक साधारण उलट्या बाजूने सुरुवात करतात, म्हणजे आधी एमजी रोडला जाऊन कार्ड नाहीतर कॅप्चरची डबी घेऊन येतात आणि मग घरी आल्यावर बघतात की भिंतीतून येणारी वायर नक्की कसली आहे. आधी वायर बघा. घरात सिग्नल कुठून येतो आणि त्याला कुलूप आहे का (म्हणजे तो फक्त कंपनीच्याच बॉक्सला उघडतो का), या दोन गोष्टी कळल्या की अर्धंअधिक दुकान आपोआप बाद होतं.

केबलचा जमाना

२०१३ च्या मार्चपर्यंत नाशिकमध्ये हे सगळं फार सोपं होतं. केबलवाल्याची वायर अॅनालॉग होती, पाल पद्धतीची, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. मदरबोर्डवरच्या पीसीआय स्लॉटमध्ये ट्यूनर कार्ड बसवायचं, केबल त्याच्या पाठीमागे खोचायची, चॅनल स्कॅन करायचं आणि झालं. कार्डाच्या पाठीमागून एक छोटी ऑडिओ वायर निघायची ती साउंड कार्डाच्या निळ्या पिनमध्ये लावायची, ती लावायला विसरलं की चित्र दिसायचं पण आवाज नाही आणि मग माणूस दोन तास ड्रायव्हर टाकत आणि काढत बसायचा. बऱ्याच कार्डांवर एफएमची पिनही असायची आणि रिमोटसाठी एक लांब वायर, तिच्या टोकाला काळा मणी, तो मॉनिटरवर चिकटपट्टीने लावायचा.

स्वस्त कार्डं आणि चांगली कार्डं यांच्यात फरक एकच होता पण मोठा होता. ब्रुकट्री ८७८ किंवा फिलिप्सची चिप असलेलं स्वस्त कार्ड चित्र जसंच्या तसं कॉम्प्युटरकडे ढकलायचं, ते दाबून लहान करायचं काम प्रोसेसरचं. ७२० बाय ५७६ चं चित्र न दाबता साठवलं तर सेकंदाला साधारण २० एमबी, म्हणजे तासाला ७५ जीबीच्या आसपास, आणि तेव्हा अख्खी डिस्कच ८० जीबीची असायची. त्यामुळे पेंटियम ४ चा पंखा गिरणीसारखा घरघरत राहायचा आणि कोणी मध्येच दुसरं काही उघडलं की फ्रेम गळायच्या. याउलट हॉपॉजच्या पीव्हीआर-१५० सारख्या कार्डावर चित्र दाबून लहान, म्हणजे एमपेग-२, करणारी चिप कार्डावरच असायची, प्रोसेसरला काही काम नाही. आणखी एक दुखणं म्हणजे स्वस्त कार्डात चित्र एका वाटेने आणि आवाज साउंड कार्डातून दुसऱ्या वाटेने यायचा, दोघांची घड्याळं किंचित वेगळी, मग तीन तासांच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे.

मग डिजिटायझेशन आलं. पहिल्या टप्प्यात चार महानगरं आणि दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यात नाशिक, मुदत ३१ मार्च २०१३. सेट टॉप बॉक्स लागले आणि घराघरातली ट्यूनर कार्डं हळूहळू शोभेची झाली. वायर तीच, भोक तेच, पण आतला सिग्नल डिजिटल आणि वर कुलूपबंद, ते कुलूप फक्त केबलवाल्याच्या बॉक्सला उघडता येतं. आजही कोणीतरी जुन्या बाजारातून असं कार्ड आणतो आणि विचारतो की स्कॅनमध्ये एकही चॅनल का सापडत नाही, तर हे कारण आहे.

आज कुठला सिग्नल पकडता येतो

केबल आणि पैसे भरायच्या डीटीएचला कुलूप असतं. ते तोडायच्या भानगडीत पडू नये, बेकायदेशीर तर आहेच वर डोक्याला ताप. या मंडळींच्या रेकॉर्डिंगवाल्या बॉक्समध्ये जे रेकॉर्ड होतं तेसुद्धा साधारण त्याच बॉक्सवर चालतं, पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावली तर फाइल दिसते पण उघडत नाही.

अँटेनाने, म्हणजे हवेतून येणाऱ्या डिजिटल टीव्हीचा विचार नाशिककरांनी सोडून द्यावा. दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत डीव्हीबी-टी२ सुरू केलं त्यात आपल्या बाजूला मुंबई आणि औरंगाबाद होतं, नाशिक नव्हतं. त्यामुळे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी मिळणारी टीव्ही हॅट किंवा ऑनलाइन दिसणारे टी२ चे यूएसबी डोंगल कितीही गोंडस असले तरी इथे उपयोग शून्य. अमेरिकेतल्या आतेभावाने पाठवलेला ट्यूनर तर त्याहून बेकार, तिकडची पद्धतच वेगळी.

उरतं डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवरची सेवा. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालं, महिन्याचं भाडं नाही, एमपेग-२ वाल्या चॅनल्सना कुलूप नाही, आणि सह्याद्री, डीडी किसान, बातम्या सगळं त्यावर आहे. कॉम्प्युटरवर टीव्ही थेट आणि मूळ क्वालिटीत रेकॉर्ड करायचा असेल तर नाशिकमध्ये सरळ रस्ता हाच. त्यासाठी डीव्हीबी-एस२, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणारा, ट्यूनर पाहिजे, टीबीएस वगैरे कंपन्यांचे यूएसबी आणि पीसीआय एक्सप्रेस दोन्ही प्रकारात येतात. कार्ड घेताना बोर्डवर एक्सप्रेसचा छोटा स्लॉट मोकळा आहे का ते बघा, आणि कॅबिनेट बुटकं असेल तर बुटकी पट्टी बरोबर येते का तेही, नाहीतर कार्ड बसतं आणि झाकण बसत नाही.

या कार्डांची एक गंमत दुकानदार सांगत नाहीत. उपग्रहावरून चॅनल एकेकटं येत नाही, एका ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर) वीसेक चॅनल्सची मोळी बांधलेली येते. ट्यूनर एका वेळी एक मोळी पकडतो, पण पकडली की तिच्यातली सगळी चॅनल्स हातात असतात, त्यामुळे टीव्हीहेडएंडसारखं सॉफ्टवेअर असेल तर एकाच ट्यूनरवर त्या मोळीतली तीन चॅनल्स एकदम रेकॉर्ड होतात आणि चौथं बघता येतं. वेगळ्या मोळीतलं चॅनल हवं असेल तर मात्र दुसरा ट्यूनर लागतो, म्हणून पहिल्यांदाच दोन ट्यूनरचं कार्ड घेतलेलं बरं.

छत्री आणि वायर

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. नाशिकहून तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून ५७ अंश वर. छत्री मात्र एवढी आभाळाकडे तोंड केलेली दिसत नाही, ऑफसेट प्रकारची असल्याने बरीच उभी वाटते, त्यामुळे गच्चीवर पहिल्यांदा चढलेला माणूस ती हमखास जास्त मागे कलती करतो आणि मग सिग्नल सापडत नाही म्हणून एलएनबीला (छत्रीसमोरच्या सिग्नल गोळा करणाऱ्या डब्याला) शिव्या घालतो. आग्नेयेला टोलेजंग बिल्डिंग अगदी खेटून असेल तरच अडचण, नाहीतर एवढ्या उंच कोनात झाडंबिडं फार आडवी येत नाहीत.

हॉलमधला बॉक्स आणि कॉम्प्युटरचं कार्ड दोन्ही एकाच एलएनबीवर साध्या स्प्लिटरने जोडू नका. ट्यूनर वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवून एलएनबीला सांगत असतो की उभा सिग्नल दे की आडवा, आणि दोघांनी एकाच वेळी दोन वेगळे हुकूम सोडले की एकाचं चित्र जातं. घरात मग भांडण होतं आणि दोष कॉम्प्युटरवाल्याला. दोन तोंडांची एलएनबी घेतली की प्रश्न मिटतो, फक्त दुसरी वायर खाली आणावी लागते.

पावसाचं काय? केयू बँड आहे, म्हणजे पावसात कमजोर पडणाऱ्या लहरी, जुलैत आभाळ फाटल्यासारखा कोसळायला लागला की चित्राचे चौकोन होतात आणि रेकॉर्डिंगमध्ये ते कायमचे बसतात. साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची छत्री लावली तर थोडा जोर मिळतो, पूर्ण सुटका नाही. पण पाऊस थांबल्यावरही चित्र तुटत असेल तर गुन्हेगार बहुतेक वेळा एफ कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाची स्क्रूची पिन, असतो. आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवरचा मी उघडला तेव्हा आतून चमचाभर हिरवट पाणी निघालं, तांब्याची तार काळी पडलेली, आणि मी तोपर्यंत एक ट्यूनर बदलून आणलेला होता. कनेक्टरवर रबरी टोपी, वर चिकट सीलिंग टेप, आणि वायर खिडकीतून आत घ्यायच्या आधी खाली एक झोल सोडायचा म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. वायर आरजी-६ घ्या, वीस मीटरच्या आत असेल तर उत्तम.

कॅप्चरची डबी

ज्यांना केबलचाच कार्यक्रम साठवायचा आहे त्यांनी बॉक्सच्या मागून निघणारं चित्र पकडायचं असतं, त्यासाठी कॅप्चर डबी. एचडीएमआयची छोटी यूएसबी स्टिक हजाराच्या आत मिळते आणि लोक ती उत्साहाने आणतात, मीही आणली. लावली तर स्क्रीन काळी, आवाज नाही, काही नाही. एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, समोर टीव्ही आहे याची खात्री झाल्याशिवाय बॉक्स चित्र सोडत नाही, आणि दुकानात परत द्यायला गेलो तर म्हणाले डबी चालू आहे, लॅपटॉप लावून दाखवू का. चालूच होती हो.

पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांचा रस्ता उरतो. बहुतेक बॉक्सना अजून या पिना किंवा त्यांचं एक जॅक असतं आणि त्यावर एचडीसीपी लागत नाही. चित्र साधं ५७६ रेषांचं मिळतं, एचडी विसरा. ईझीकॅप नावाने ज्या डब्या मिळतात त्यांची गोष्ट अशी की बाहेरून सगळ्या जुळ्या, आत सिंटेक, सोमॅजिक, एम्पिया यांपैकी कुठलीही चिप निघते आणि प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा. बरोबर येणारी छोटी सीडी घालायला आजच्या लॅपटॉपला जागाच नाही. तेव्हा चिपचं नाव विचारूनच घ्या, किंवा ड्रायव्हर न मागणारी यूव्हीसी प्रकारची घ्या.

आणि खरं सांगायचं तर नुसतं रेकॉर्डिंगच हवं असेल तर फ्री डिशचे यूएसबीवाले बॉक्स बाजारात मिळतात, पेन ड्राइव्ह लावा, बटण दाबा, टीएस फाइल तयार, ती कॉम्प्युटरवर व्हीएलसीत चालते. आईवडिलांच्या घरी कॉम्प्युटर बसवायच्या आधी हे नक्की करून बघावं.

डिस्क, प्रोसेसर, लाइट

डीव्हीबी रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्युटर चित्रावर काहीच प्रक्रिया करत नाही, आलेला प्रवाह उचलून डिस्कवर ठेवतो. म्हणून आय-सेव्हन वगैरे खर्च वाया. ४ एमबीपीएसचं साधं चॅनल तासाला १.८ जीबी खातं, म्हणजे १ टीबीत साडेपाचशे तास. साधी फिरणारी डिस्क चालते, एसएसडी फक्त विंडोज किंवा लिनक्ससाठी. प्रोसेसरचा संबंध येतो तो नंतर फाइल लहान करताना, तिथे इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून येणारं क्विक सिंक (व्हिडिओ दाबायची सोय) पुष्कळ आहे. शिवाय आपला एसडी टीव्ही इंटरलेस्ड असतो, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या भागांत येतं, प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं नाही तर धावणाऱ्या माणसाच्या कडेला फणीसारखे दात दिसतात, तो कार्डाचा दोष नाही.

डिस्क एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटची नको. २ एप्रिल २०११ ला काकांच्या घरी मी भारताची बॅटिंग सुरू झाल्यावर रेकॉर्ड दाबलं, ६ एमबीपीएस, बाहेरच्या डिस्कवर. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. दीड तासाने ती भरली आणि गुपचूप थांबली. आमच्याकडे सेहवाग शून्यावर आउट झालेला आहे, सचिन आउट झालेला आहे, धोनीचा सिक्सर नाही. काका अजून तो विषय काढतात.

रेकॉर्डिंगचं मशीन चोवीस तास चालू राहतं, त्यामुळे खरा खर्च लाइट बिलाचा. ७० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप महिन्याला ५० युनिट, तर इंटेल एन१०० वाला छोटा डबा १० वॉटवर धरला तर ७ युनिट. लाइट जाणं अंबड, सातपूर, सिडको सगळीकडे असतंच, आणि मिनिटभर गेली तरी रेकॉर्डिंग तुटतं, तेव्हा यूपीएस घ्याच. त्यावर एलएनबीला व्होल्टेज देणारं कार्ड आपोआप येतं, पण राउटर आणि बाहेरची डिस्कही त्यावर घ्यायला लोक विसरतात. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये विंडोज मीडिया सेंटर सगळ्यात सुटसुटीत होतं, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये काढून टाकलं, आता नेक्स्टपीव्हीआर किंवा लिनक्सवर टीव्हीहेडएंड आणि समोर बघायला कोडी.

जुनं अॅनालॉग कार्ड घरात पडून असेल तर भंगारात देऊ नका. चॅनल सापडणार नाही पण त्याची पिवळी पिन जिवंत असते. पीसीआय स्लॉटचा जुना बोर्ड आणि चालू व्हीसीआर जुळवता आला तर १९९० च्या आसपासच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट त्यातून मस्त उतरतात, फक्त व्हीसीआरचं हेड आधी साफ करून घ्या, आणि कॅसेटला पांढरी बुरशी दिसली तर ती आत घालूच नका, हेड जातं.