चिपाडाची वाफ, कारखान्याची वीज

गुऱ्हाळावर चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस पहाटेपासून एकच काम करत असतो. वाळवलेलं चिपाड आत सारत राहायचं. वर काहिलीत रस उकळत असतो. लाकूड नको, कोळसा नको. उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटतो. साखर कारखान्यांची सहवीज, म्हणजे एकाच इंधनातून रस आटवायची उष्णता आणि वीज दोन्ही मिळवणं, हा याच जुन्या शहाणपणाचा मोठा अवतार आहे. म्हणूनच तिची गोष्ट विजेपासून नाही, उष्णतेपासून सांगायला हवी.

साखर करणं म्हणजे मुख्यतः पाणी उडवणं. रसात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या लुईझियानात उघड्या कढयांची रांग मांडून रस आटवत. उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतण्याचं काम गुलामांच्या वाट्याला येई आणि त्यात कित्येक जण भाजून निघत. तिथल्याच न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियू या कृष्णवर्णीय वंशाच्या अभियंत्यानं 1843 मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. बंद भांडी एकापुढे एक जोडायची, आतला दाब उतरता ठेवायचा आणि पहिल्या भांड्यातून निघालेल्या बाष्पानं दुसऱ्यातला रस उकळायचा. तीच उष्णता पुन्हा पुन्हा कामाला. आज आपल्या कारखान्यांत चार भांड्यांच्या ज्या जोडणीला ‘क्वाड’ म्हणतात, ती त्याच कल्पनेची पुढची पिढी. सहवीजेच्या इतिहासात हे नाव फारसं कुणी घेत नाही. पण रस आटवायला लागणारी वाफ कमी झाली नसती, तर विकायला वीज उरलीच नसती.

ऊस पिळणाऱ्या शेवटच्या मिलमधून बाहेर पडणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, हातात घेऊन पाहावा. कोमट, दमट, गोडसर वासाचा. त्याच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं, तरी तो बॉयलरमध्ये जळतो. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या 28 ते 30 टक्के बगॅस निघतो. म्हणजे रोज 5,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात दिवसाला सुमारे 1,400 ते 1,500 टन. पावसात तो भिजतो, ढीग आतून तापतो आणि कधी कधी पेट घेतो. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेल्या त्या वाटेनं पुढच्या दशकांत महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले, तेव्हा बगॅसचं काय करायचं हा प्रश्नच होता. विजेला बाहेर गिऱ्हाईक नव्हतं. मग बॉयलर असे निवडले जात की कारखाना चालावा आणि बगॅसही संपावा. 14 किंवा 21 किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाची वाफ, तिच्यावर छोटी टर्बाइन, कारखान्यापुरती वीज. इंधन फुकटचं असल्यावर ते वाचवायचं कुणाच्या मनात येणार?

खरं तर मेख या दाबातच आहे. औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करावी लागते आणि तिच्यातली उष्णता कूलिंग टॉवरवाटे हवेत जाते. कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा तारेत येतो. साखर कारखान्यात मात्र तीच एक्झॉस्ट वाफ, दीड किलोच्या आसपास दाबाची, रस तापवायला आणि आटवायला लागते. टर्बाइननं आपलं काम करून घेतलं की उरलेली उष्णता साखरेच्या कामी येते. बॉयलर 67, 87 किंवा 110 किलोचा बसवला, तर तेवढ्याच बगॅसमधून वीज कितीतरी पटींनी वाढते आणि खालच्या टोकाची वाफ रसासाठी राहतेच. टनभर ऊस गाळायला कारखान्याला स्वतःला साधारण 25 ते 30 युनिट पुरतात. चांगल्या सहवीज प्रकल्पात टनामागे शंभराच्या वर युनिट निघतात. फरक तेवढा विकायचा.

हे आधी करून दाखवलं ते मॉरिशसनं. तिथल्या साखर कारखान्यांनी 1950 च्या दशकातच उरलेली वीज ग्रिडला द्यायला सुरुवात केली. पुढे बगॅस संपल्यावर त्याच बॉयलरमध्ये कोळसा जाळून ते वर्षभर वीज पुरवू लागले. याच बेटावरच्या उसाच्या मळ्यांत एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर नेलेले मराठी मजूर राबले होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

आपल्याकडे सरकारी पातळीवर हालचाल झाली ती 1990 च्या दशकात. केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयानं 1994 मध्ये बगॅस सहवीजेचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला आणि राज्यांना खरेदीसाठी युनिटला 2.25 रुपये दर सुचवला. तमिळनाडू आणि कर्नाटकातले खासगी कारखाने आधी पुढे सरसावले. आपले सहकारी कारखाने मागे राहिले. त्याचं कारण अज्ञान नव्हे, भांडवलाची चणचण. उच्च दाबाचा बॉयलर आणि नवी टर्बाइन म्हणजे कोट्यवधींचं कर्ज, आणि ताळेबंद आधीच वाकलेला. राज्य वीज नियामक आयोगानं 2002 मध्ये सहवीजेचा दर ठरवून दिला, 2003 च्या वीज कायद्यानं सहवीज आणि नवीकरणीय विजेला प्रोत्साहन देणं आयोगांवर सोपवलं, तेव्हा कुठे बँकांना परतफेडीचा भरवसा वाटला. त्याच वर्षांत गावोगावी भारनियमनानं लोक मेटाकुटीला आले होते. शेजारी कारखान्याची चिमणी रात्रभर धूर सोडतेय आणि शिवारातली मोटार बंद, हे दृश्य त्या काळात उसाच्या पट्ट्यात सर्रास होतं. राज्याच्या 2008 च्या धोरणानं बगॅस सहवीजेचं 1,000 मेगावॅटचं लक्ष्य ठेवलं. ते गाठून कारखाने पुढे गेले आणि क्षमता अडीच हजार मेगावॅटच्या पलीकडे पोहोचली. 2020 च्या धोरणात आणखी 1,350 मेगावॅटचं लक्ष्य आलं.

अडचण आली ती दरात. सौर वीज झपाट्यानं स्वस्त झाली आणि सहवीजेची खरेदीही स्पर्धात्मक बोलीनं होऊ लागली. जुन्या करारांत सहा रुपयांच्या वर मिळणारा दर नव्या करारांत पाचच्या खाली आला. माझ्या मते ही तुलनाच चुकीची आहे. सौर वीज सूर्य मावळला की थांबते. सहवीज संध्याकाळी सात वाजताही तितकीच मिळते. शिवाय ती वीजवापराच्या ठिकाणाजवळ, ग्रामीण उपकेंद्राशी तयार होते. तिच्या पाठीशी असलेली उष्णता कोणत्याच दरपत्रकात दिसत नाही. दिवसा सौर, रात्री बगॅस आणि बगॅसचा काही साठा उन्हाळ्यासाठी राखलेला, अशी जोडी एकाच कारखान्याच्या आवारात लावता येते. जागा, उपकेंद्र आणि वाहिनी तिथे आधीच आहेत. पण इथेनॉलच्या डिस्टिलरीलाही वाफ लागते, त्यामुळे बगॅसवर आता दोन दावेदार आहेत.

राज्य सरकारनं 2024 मध्ये कमी दरात वीज विकणाऱ्या सहवीज प्रकल्पांना युनिटमागे दीड रुपयापर्यंत अनुदान द्यायचं ठरवलं, तेही एका वर्षापुरतं. बॉयलरचं कर्ज मात्र दहा-बारा वर्षं फेडायचं असतं.