कडीच्या टोकाचा घोडा

आमच्या गावच्या घरात माजघराच्या दाराला एक जुनी लोखंडी कडी आहे. तिचं टोक घोड्याच्या तोंडाचं. छिन्नीच्या एका घावात फोडलेले दोन कान, टोच्याने ठोकलेला डोळा, आयाळीच्या जागी पाच तिरक्या रेघा. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून नाकाड गुळगुळीत झालंय. अंधारात दार लावतानाही बोटांना घोडा कळतो.

नुसतं शोभेचं लोखंडी जनावर कोकणात क्वचितच बघायला मिळतं. लाकडी हत्ती-घोडे हवेत तर सावंतवाडीची चितारआळी आहे. लोखंडातली जनावरं मात्र कामाच्या वस्तूंच्या अंगावर आली. घोड्याचे, मोराचे, पोपटाचे अडकित्ते जुन्या घरांत असत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ते आजही पाहता येतात. आगरी-कोळी घरांत विळीला मोरली म्हणतात. मानेसारखं वळलेलं पातं आणि टोकाला खवणीचा तुरा पाहिला की नाव पटतं. नाग तर सगळ्यात सोपा: सळीचं एक टोक निमुळतं ओढलं की शेपटी, दुसरं चपटं केलं की फणा.

कान आणि फणा एका सळीतून निघतात. चार पाय, मान आणि शेपूट असलेला घोडा काढायचा तर बहुधा सांधा लावावा लागतो, म्हणजे दोन तुकडे भट्टीत तापवून, ठोकून एकजीव करावे लागतात, आणि हा सांधा लोहार मुळात जनावरासाठी शिकलेला नव्हता. तो शिकला कोयत्यासाठी. पूर्वी पोलाद महाग होतं, म्हणून अख्खा कोयता मऊ लोखंडाचा करून फक्त धारेला पोलादाची पट्टी भट्टीतच जोडायचे. झोपाळ्याच्या लोखंडी साखळीतली एकेक कडी अशीच बंद केलेली असते. एक जरी सांधा कच्चा राहिला तरी झोपाळ्यावरचं माणूस खाली. गलबतांचे नांगरही असेच, दांडा वेगळा, हात वेगळे, मग आगीत एकजीव. दिल्लीचा लोहस्तंभ गुप्तकाळातला, 7 मीटरच्या वर उंच आणि 6 टनांहून जड. तोही ओतलेला नाही, तापलेले गोळे ठोकून एकमेकांत मिळवलेला आहे.

हे बघायला मिळतं ते क्षणभरच. कुडाळकडच्या एका शाळेत, म्हणजे लोहाराच्या शाळेत (आमच्याकडे भट्टीच्या मांगराला शाळाच म्हणतात), मी ते जवळून पाहिलं. दोन टोकं आधी ठोकून जाड केली, मग तिरकी उतरवली आणि करवंटीच्या कोळशात ठेवली. दगडी कोळशातलं गंधक सांध्याला बाधतं, करवंटीला तो दोष नाही. लोखंड तांबडं झाल्यावर मेस्त्रींनी टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरवला, तो काचेसारखा वितळून पसरला. तापलेल्या लोखंडावर हवेने खपली धरते आणि ती मध्ये राहिली तर टोकं चिकटत नाहीत. टाकणखार त्या खपलीला पातळ करतो आणि पहिल्या घावासरशी ती बाहेर उडते. भाता जोरात चालू. लाल गेला, नारिंगी गेला, पिवळा पांढुरका व्हायला लागला, म्हणजे साधारण 1250 ते 1300 अंश. लोखंड वितळत नाही, नुसतं ओलं दिसायला लागतं.

“ठिणगे एकदोनच होये,” मेस्त्री म्हणाले. “तारे उडूक लागले काय जळला म्हणान समज.”

सांडशीतून टोकं ऐरणीवर आली, मेस्त्रींच्या हातोडीची टिचकी पडली आणि तिथेच घणकऱ्याचा घण. तीन-चार घाव, तेही हलके. सगळं मिळून दहा सेकंदही नसतील. बारीक भाग जाड भागाच्या आधी जळतो, म्हणून घोड्याचे पाय आधी जाडच जोडायचे आणि सांधा धरल्यावर ओढून बारीक करायचे. हा क्रम चुकला तर पाय भट्टीतच राहतात.

हे लोखंड पूर्वी कुठून यायचं? कोकणचा जांभा लाल आहे तो लोहामुळेच, आणि रेडीला तर खाणी आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूला, धावड लोक दगडातून लोखंड गाळत असत. इंग्रज अमदानीत जंगलावर निर्बंध आले, कोळसा मिळेनासा झाला आणि बोटीने स्वस्त विलायती लोखंड उतरू लागलं. धावडांच्या भट्ट्या विझल्या. जुन्या गाळलेल्या लोखंडात मळीचे, म्हणजे गाळताना उरलेल्या काचेसारख्या कचऱ्याचे, धागे असत आणि तीच मळी सांध्यात टाकणखाराचं काम करी. 1856 च्या बेसेमर पद्धतीनंतर (वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करायची रीत) कारखान्यातलं स्वच्छ पोलाद स्वस्त झालं. त्यात मळी नाही, म्हणून सांधा अधिक कसबाचा झाला. पुढे विजेचं वेल्डिंग आलं आणि कसबाची गरजच संपली असं सगळ्यांनी धरलं. मला ते मान्य नाही. खाऱ्या वाऱ्यात खिडकीची जाळी आधी कुठे गंजते ते बघा, बहुतेक वेळा वेल्डिंगच्या टाक्यापाशीच.

इतर ठिकाणी ही विद्या वेगळ्या वाटेने टिकली. बस्तरच्या लोहारांच्या लोखंडी प्राण्यांना भौगोलिक मानांकन आहे. अमेरिकेत 1973 साली कलाकार लोहारांची संघटना उभी राहिली आणि मेंढ्याचं डोकं, घोड्याचं डोकं हे तिथल्या शिकणाऱ्यांचे धडे झाले. आपल्याकडे लोहार अजून आहे, कोयती अजून लागते, पण ती आता गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची. पाटा अख्खाच पोलादी, त्यामुळे धारेला पट्टी जोडावी लागत नाही, आणि सांध्याचा रोजचा सराव तिथेच सुटला.

गेल्या मे महिन्यात त्याच मेस्त्रींकडे मी जुन्या कडीसारखीच दुसरी कडी करायला दिली. घोड्याचं तोंड त्यांनी दोनदा तापवून काढलं. मागची गोल कडी मात्र वेल्डिंगने जोडली, कारण घणावरचा पोरगा मुंबईला गेला होता आणि हा सांधा एकट्याला अवघड जातो. घरी आणून जुन्या कडीशेजारी धरली तेव्हा काहीतरी कमी वाटलं. फोन केला.

“आयाळ घालूक इसारलंय,” मेस्त्री म्हणाले. “परत घेवन ये.”